‘पाठविले’ आणि ‘पोचले’ : कार्यालयीन संप्रेषणातील संदेशगट व दृक्‌श्राव्य बैठक (महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

कोणतेही कार्यालय निरोपांवर चालते. वरिष्ठांचा आदेश खाली जातो, खालची माहिती वर येते आणि या देवघेवीची नोंद मागे उरते. त्या नोंदीलाच दप्तर म्हणतात. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालये, पंचायत समित्या, महाविद्यालये, बँका व कारखाने यांतील हा व्यवहार गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या प्रमाणावर भ्रमणध्वनीवरील संदेशगटांकडे व दृक्‌श्राव्य बैठकांकडे सरकला आहे. व्हॉट्सअॅप २००९ साली निघाले. त्याच्या गटाची सदस्यमर्यादा २०१६ साली २५६ व २०२२ साली १०२४ झाली. २०२० च्या टाळेबंदीत झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स ही नावे तालुक्याच्या शिक्षकाच्याही तोंडी रुळली. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांत कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम यांसारख्या साधनांचा वापर मान्य केला गेला. जे आधीच रूढ झाले होते त्यावर शिक्कामोर्तब झाले, इतकेच.

या साधनांविषयीचे मराठीतील लेखन बहुधा त्यांच्या वेगाने भारावलेले किंवा त्यांच्या व्यसनाने धास्तावलेले आढळते. प्रस्तुत लेखात त्या दोन्ही भूमिका बाजूस ठेवून एकच प्रश्न विचारात घेतला आहे. कार्यालयात निरोप ‘पाठविला’ म्हणजे तो ‘पोचला’ असे केव्हा मानावे, आणि तो न पोचल्यास त्याची जबाबदारी कोणाची? पुण्या-मुंबईच्या कार्यालयात हा प्रश्न सहसा सुचत नाही, कारण तेथे पाठविणे व पोचणे यांत क्षणाचेही अंतर जाणवत नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत मात्र ते अंतर कधी तासांचे, तर कधी दिवसाचे असते. विवेचनासाठी हा प्रदेश निवडण्याचे कारण तेच आहे.

‘पोच’ या शब्दाची किंमत

मराठी कार्यालयीन व्यवहारात ‘पोच’ हा छोटा शब्द फार मोठे काम करीत आला आहे. पत्र जावक वहीत चढे, क्रमांक व दिनांक पडे, शिपाई ते घेऊन जाई आणि दुय्यम प्रतीवर समोरच्या कार्यालयाचा शिक्का व सही घेऊन येई. ही प्रत हाती येईपर्यंत पाठविणाऱ्याचे काम संपलेले नसे. पोच न आल्यास स्मरणपत्र, त्यालाही उत्तर न आल्यास अर्धशासकीय पत्र, असा क्रम ठरलेला असे. महाविद्यालयातील सूचनावही ही याच पद्धतीची धाकटी बहीण. प्राचार्यांची सूचना घेऊन शिपाई वर्गावर्गांतून फिरे व प्रत्येक प्राध्यापक आपल्या नावापुढे सही करी. एखादा नाराज प्राध्यापक सहीखाली ‘वाचले, मान्य नाही’ असा शेराही मारी. तो शेरा प्राचार्यांना आवडत नसला तरी वहीतून पुसता येत नसे.

संदेशगटात पोचेची जागा खुणांनी घेतली आहे. एक खूण म्हणजे संदेश गेला, दोन खुणा म्हणजे तो समोरच्या यंत्रावर उतरला आणि नोव्हेंबर २०१४ पासून निळ्या झालेल्या दोन खुणा म्हणजे तो उघडला गेला. गटात तर सर्वांनी उघडल्याशिवाय खुणा निळ्या होत नाहीत, आणि वापरणाऱ्याने ही सोय बंद ठेवली असल्यास दोन व्यक्तींमधील संदेशावरून वाचल्याचा निष्कर्षही काढता येत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. जुनी पोच देणारा माणूस होता. नवी पोच यंत्र देते. सही करणारा मनुष्य ‘मला मिळाले’ असे स्वतः म्हणत असे, खूण त्याच्या वतीने परस्पर बोलते. निरोप स्वीकारण्याची कृतीच व्यवहारातून निघून गेली असून ‘गटावर टाकले होते’ हे वाक्य पाठविणाऱ्याच्या बचावाला पुरेसे ठरू लागले आहे. पूर्वी पोच मिळविण्याचा भार पाठविणाऱ्यावर होता, आता न पाहिल्याचा खुलासा करण्याचा भार घेणाऱ्यावर आला आहे. या बदलाविषयी कोणताही ठराव झालेला नाही.

(गटावर सूचना आली की अंगठ्याचे चित्र टाकण्याची चाल पडली आहे. ज्या समाजाने ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द निरक्षरासाठी घडविला, त्यातील पीएच.डी. झालेली मंडळी आता दिवसातून दहा वेळा अंगठा उठवितात. त्या अंगठ्याचा अर्थ वाचले, मान्य केले, की केवळ वरिष्ठांना आपली हजेरी कळविली, हे कोणासही सांगता येणार नाही.)

न्यायालयांपुढे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वित्तसंस्थेच्या दरखास्तीत, व्हॉट्सअॅपवरून पाठविलेली नोटीस समोरच्याने उघडल्याचे खुणांवरून दिसते, म्हणून ती बजावली गेली असे मानले. याउलट फौजदारी कार्यवाहीत हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअॅपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. दोहोंत विसंगती पाहण्याचे कारण नाही. माणसाचे स्वातंत्र्य जेथे पणाला लागते तेथे यंत्राच्या खुणेवर विसंबू नये, हे त्यातील तारतम्य आहे. कार्यालयांनी मात्र असे तारतम्य ठेवलेले दिसत नाही. चहापानाचे निमंत्रण, निवडणूक कामाचा आदेश आणि अतिवृष्टीचा इशारा एकाच गटावर, एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक येत राहतात.

डोंगर, पाऊस आणि मनोरा

महाड हे सावित्री व गांधारी यांच्या संगमाजवळचे, तर पोलादपूर सावित्रीच्याच काठी महाबळेश्वरच्या पायथ्याशी वसलेले गाव. वरंध, आंबेनळी व कशेडी हे घाट या दोन तालुक्यांना भोर, महाबळेश्वर व खेड यांच्याशी जोडतात. मुख्य रस्त्यापासून आत गेले की वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आहेत. भ्रमणध्वनीच्या लहरी सरळ रेषेत चालतात. सोंडेपलीकडच्या वाडीला त्या मिळत नाहीत. जेथे मनोरा आहे तेथेही तो विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर आणि मग डिझेलच्या जनित्रावर. रस्ताच खचला तर डिझेल पोचत नाही, आणि रस्त्याकडेने पुरलेली तार दरडीबरोबर तुटते. संदेशयंत्रणा नेमकी पावसाळ्यात, म्हणजे तिची सर्वाधिक गरज असताना, सर्वाधिक दुबळी होते.

२५ व २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा संदेशगट नव्हते. २०२१ मध्ये होते. २२ व २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मि.मी. पाऊस झाला, सावित्रीला महापूर आला व महाड शहर पाण्याखाली गेले. २२ जुलैच्या दुपारनंतर तळिये येथील कोंडाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींखाली माणसे दगावली. वीज खंडित होती, भ्रमणध्वनी ठप्प होते, रस्ते पाण्याखाली वा दरडींनी अडलेले होते. तळियेत आधी धावून गेले ते आजूबाजूचे लोक. बाहेरची बचावपथके पोचण्यास दुसरा दिवस उजाडला. दोन आपत्तींच्या मधल्या सोळा वर्षांत संदेशाचे साधन आमूलाग्र बदलले होते. डोंगरातून खाली येणारा निरोप मात्र पुन्हा माणसाच्या पायांवरच अवलंबून राहिला.

याचा दोष साधनावर टाकणे अयोग्य होईल. ज्या पुराने मनोरे बंद पाडले त्याने टपाल व दूरध्वनीही बंद पाडले असते. दोष आहे तो साधनाविषयीच्या समजुतीत. गटावरील शांतता दोन प्रकारची असते. एक म्हणजे सर्व ठीक आहे म्हणून कोणी बोलत नाही, दुसरी म्हणजे बोलण्याचे साधनच बंद पडले आहे म्हणून कोणी बोलत नाही. पडद्यावर या दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. न पोचलेला संदेश व्हॉट्सअॅपच्या यंत्रणेत तीस दिवस पडून राहू शकतो आणि पाठविणाऱ्याच्या पडद्यावर त्याची ओळख केवळ एका करड्या खुणेची असते. शेकडो सदस्यांच्या गटात तर तेवढेही सहज दिसत नाही. कोणाला मिळाला व कोणाला नाही हे पाहण्यासाठी माहितीचे पान मुद्दाम उघडावे लागते. ऐन अतिवृष्टीत ते उघडून, कोणत्या गावचा तलाठी वा पोलीस पाटील यादीत ‘पोचला नाही’ या बाजूस उरला आहे हे पाहण्याचे काम नेमून दिलेले नसेल, तर ते कोणीही करीत नाही.

याच भागातील आणखी दोन घटना येथे आठवतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला व एस.टी.च्या दोन गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. पूल नाही हे प्रथम ध्यानात आले ते जवळपासच्या रहिवाशांच्या, आणि त्यांच्यामुळे पुढील वाहतूक अडविली गेली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळून सुमारे तीस जण दगावले. वाचलेला एकमेव कर्मचारी दरीतून वर चढून रस्त्यावर आला, तेव्हा खबर बाहेर गेली. दोन्ही प्रसंगी बातमी पोचविणारा माणूस घटनास्थळी होता व त्याने ती कोणाच्या तरी कानी प्रत्यक्ष घातली.

कागदाचा मोह नको

या विवेचनावरून जुन्या कागदी पद्धतीचा गौरव करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु महाडचाच इतिहास त्या मोहाला आवर घालतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करावेत, असा त्याचा आशय होता. शासनाने खातेप्रमुखांस त्याप्रमाणे कळविले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सर्व पत्रव्यवहार यथासांग झाला असेल, पोच मिळाली असेल, ठराव इतिवृत्तात नोंदला गेला. तळ्याचे पाणी मात्र मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेस जमलेल्या हजारो लोकांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि त्यानंतर मारही खावा लागला.

पोच असूनही अंमल न होणे हा जुना रोग आहे, पोचच नसताना अंमल झाला असे समजणे हा नवा. दोहोंत फरक असा की जुन्या रोगाचा पुरावा मागे उरतो. नगरपालिकेचा ठराव कागदावर होता म्हणूनच सत्याग्रहींना ‘जे तुम्ही मान्य केले तेच आम्ही करीत आहोत’ असे म्हणता आले. संदेशगटावरील आदेश २०१७ पासून सर्वांसाठी पुसता येतो आणि २०२० पासून आपोआप नाहीसा होण्यासाठीही लावता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत परिपत्रके, आदेश, अभिप्राय यांच्याबरोबर ई-मेलचाही उल्लेख आहे. पण अधिकाऱ्याच्या खाजगी भ्रमणध्वनीत राहिलेला आदेश त्याच्या बदलीबरोबर निघून जातो. नव्या अधिकाऱ्यास दप्तराचा कार्यभार मिळतो, गटाचा इतिहास मिळत नाही, कारण त्याला गटात घेतल्याच्या दिवसापासूनच त्याचे वाचन सुरू होते.

दृक्‌श्राव्य बैठक : कोण दिसते, कोण दिसत नाही

दृक्‌श्राव्य बैठकीची उपयुक्तता या प्रदेशाला वेगळी पटवून देण्याची गरज नाही. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग. पोलादपूरपासून ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर. रेंगाळलेल्या महामार्गाच्या कामातून एका तासाच्या बैठकीसाठी तालुक्याचा अधिकारी गेला की त्याचा सबंध दिवस जाई व तहसील कार्यालयात खेडुतांची रांग तशीच बसून राही. तो दिवस आता वाचतो. महाविद्यालयीन शिक्षकांच्या उजळणी वर्गांविषयीही हेच म्हणता येईल. लहान मुलाला घरी ठेवून तीन आठवडे परगावी राहणे ज्या प्राध्यापिकांना अशक्य होते, त्यांना हे वर्ग टाळेबंदीनंतर प्रथमच खऱ्या अर्थाने खुले झाले.

तथापि ‘हजर असणे’ म्हणजे काय, या प्रश्नावर न्यायसंस्थेने जेवढा विचार केला तेवढा कार्यालयांनी केलेला नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष दृक्‌श्राव्य पद्धतीने घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी मान्यता दिली. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याची उलटतपासणी करता येते, म्हणून ही हजेरी पुरेशी आहे, असा त्यामागील विचार होता. या कसोटीचा गाभा उलटतपासणीत आहे. समोरच्याला प्रश्न विचारता येणे, त्याला थांबविता येणे, हे असेल तर ती हजेरी.

जिल्ह्याच्या नेहमीच्या ‘व्हीसी’ला ही कसोटी लावली तर काय दिसते? पडद्यावर पंधरा तालुक्यांच्या चौकटी असतात, ध्वनी बंद ठेवण्याची सूचना आरंभीच होते. नाव पुकारल्यावर तालुक्याने आकडा सांगायचा आणि पुन्हा गप्प व्हायचे. प्रश्न वरून खाली येतात, खालून वर जात नाहीत. प्रत्यक्ष बैठकीत सभागृहाबाहेर, चहाच्या वेळी, ‘साहेब, त्या वाडीच्या वरच्या अंगाला भेग पडली आहे’ असे दबक्या आवाजात सांगण्याची जी संधी असे, तिला दृक्‌श्राव्य बैठकीत जागा नाही. इतिवृत्तात ती कधीच येत नसे, म्हणून ती नाहीशी झाल्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महसूल खात्यातील ‘फिरती’ या जुन्या प्रथेची जागा या बैठकीने घेतली. अधिकारी गावात मुक्कामाला जाई तेव्हा त्याला न विचारताही गोष्टी दिसत. पडद्यावर विचारलेलेच दिसते.

साधनाची निवड कोण करतो, हाही प्रश्न आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम हे शासकीय कामकाजासाठी वापरू नये असे कळविले. त्यावर सुरक्षिततेच्या दृष्टीने पुष्कळ चर्चा झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी परत करण्याचे आंदोलन केले. यंत्रे अपुऱ्या क्षमतेची होती व पोषण ट्रॅकरमध्ये इंग्रजीतून माहिती भरावी लागत होती. या दुसऱ्या घटनेला संप्रेषणाच्या अभ्यासात पहिलीच्या तोडीचे स्थान मिळावयास हवे होते. यंत्र नाकारणाऱ्या या स्त्रिया तंत्रज्ञानविरोधी नव्हत्या. आपल्या भाषेत न बोलणारे साधन हे आपले कामाचे साधन नव्हे, एवढेच त्या सांगत होत्या. रायगडावर ज्या राज्याचा कारभार चालला त्याने फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचवून घेतला होता, आणि १९६४ साली महाराष्ट्राने राजभाषा अधिनियम केला. त्याच महाडच्या गटांवर आज मराठी सूचना अनेकदा रोमन लिपीत टंकलेल्या किंवा शोधता न येणाऱ्या छायाचित्राच्या रूपात येतात, हे नोंदवून पुढे गेलेले बरे.

वेळेचा प्रश्न

शासकीय कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाईल सात कार्यालयीन दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे महाराष्ट्राच्या २००५ च्या दप्तर दिरंगाईविषयक कायद्यात म्हटले आहे. संदेशाला अशी मुदत नाही. रात्री अकराला आलेल्या ‘माहिती तात्काळ पाठवावी’ या ओळीला अकरा वाजून पाच मिनिटांनी उत्तर नसेल तर ते बेपर्वाईचे मानले जाते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून अलिप्त राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले. त्याच धर्तीचे खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. या हक्काचा विचार सहसा कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या अंगाने होतो. महाड-पोलादपूरच्या दृष्टीने त्याला आणखी एक अंग आहे. वर्षभर दर रात्री ‘तात्काळ’ वाचणारा ग्रामसेवक जुलैतल्या एका रात्री आलेले खरे ‘तात्काळ’ कशावरून ओळखणार?

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांनाही हा प्रश्न लागू पडतो. पाळी बदलताना काय चालू आहे, काय दुरुस्तीसाठी सोडले आहे याची लेखी नोंद व प्रत्यक्ष तोंडी हवाला ही तेथील सुरक्षिततेची पहिली अट आहे. १९८८ साली उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलमंचावर १६७ माणसे गेली, तेव्हा दुरुस्तीसाठी काढलेल्या भागाची माहिती पुढच्या पाळीला न मिळणे हे एक प्रमुख कारण चौकशीत पुढे आले. कागद तेथेही होता. तो ज्याने वाचावयास हवा त्याच्या हाती पडला नव्हता.

उपाय फार खर्चाचा नाही. तालुक्याचा नियंत्रण कक्ष पावसाळ्यात नोंदवही ठेवतोच. तीत निरोप, वेळ व पाठविणाऱ्याचे नाव यांपुढे आणखी दोन रकाने आखता येतील. पहिल्यात प्रत्येक गावातून ज्या व्यक्तीने निरोप मिळाल्याचे स्वतःच्या शब्दांत कळविले तिचे नाव व वेळ. हा रकाना ठराविक मुदतीत रिकामा राहिला तर त्या वाडीकडे कोणी निघायचे, त्या माणसाचे नाव दुसऱ्यात असावे, आणि ते मे महिन्यातच, रस्ते कोरडे असताना, त्याला समोर बसवून लिहिलेले असावे.